चिनी विटेचा चहा: येसरच्या जेवणावर उत्तम, पण आधी पाणी बघा

सकाळचा पहिला चहा म्हणून ही दाबलेल्या चिनी चहाची वीट घेणार असाल तर पैसे वाया गेले समजा. अद्रक ठेचून, दूध घालून, रटरटा उकळून बशीत ओतायचा चहा आपल्या नेहमीच्या सीटीसी पत्तीचाच व्हावा. ही पत्ती त्या कामाची नाही. पण दुपारी येसरची आमटी, भाकरी, त्यावर करडईच्या तेलाची धार, किंवा रविवारचं मटण असं जेवण झालं की तासाभरानं हाच चहा कोरा घ्या, साखरेशिवाय. आमच्या घरात आता त्या वेळेला दुसरं काही चालत नाही. बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी मात्र खालचा पाण्याचा भाग वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. माझी अख्खी नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे तिथं मी जरा जास्तच बोलणार आहे. चालवून घ्या.

वस्तू कोणती ते आधी सांगते. चीनच्या हुनान प्रांतात आन्ह्वा नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथल्या आंबवलेल्या काळ्या चहाची दाबून केलेली ही वीट, तिला फू वीट म्हणतात. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला बांधकामाच्या मशिनींच्या कंपनीत आहे. कंपनीनं त्याला ट्रेनिंगला चांगशाला धाडलं. ही हुनानची राजधानी, आणि आन्ह्वा तिथून पश्चिमेला. तिथून त्याचा फोन आला, "मावशी, तुला काय आणू?" मी म्हटलं, "शोभेचा डबा नको. तिथली म्हातारी माणसं घरात जो पितात तो चहा आण." पोरानं अक्षरशः ऐकलं आणि जुन्या मापाची अख्खी 2 किलोची वीट घेऊन आला. मुंबईला विमानतळावर कस्टमवाल्यानं पिशवी उघडायला लावली. चहा आहे म्हटल्यावर त्यानं विटेकडं बघितलं, याच्याकडं बघितलं, नाकाला लावून वास घेतला आणि जा म्हणाला.

वेष्टन साधं कागदाचं. चिनी अक्षरांतलं मला काही कळत नाही, पण जुनी सवय, आधी मानकाचा नंबर शोधला. जीबी/टी 9833.3 असा छापलेला होता. दाबलेल्या चहांसाठी चीनची जी राष्ट्रीय मानकं आहेत त्यातला तिसरा भाग फू विटेचा, म्हणजे वस्तू निदान कागदावर तरी खरी. तुम्ही कुठूनही घेतलीत तरी हा नंबर आहे का ते बघा. नसेल तर विकणाऱ्याला विचारा.

फोडणं हे वेगळंच प्रकरण. सुरीनं काही होत नाही, बत्त्यानं हाणलं तर भुगा होतो आणि भुग्याचा चहा गढूळ, कडवट उतरतो. चिनी लोक त्यासाठी जाड सुई वापरतात. आमच्याकडं पोती शिवायचं दाभण होतं, ते धुऊन, गरम पाण्यातून काढून घेतलं. विटेच्या कडेला दाभण आडवं खुपसायचं, थोडं हलवायचं, की थरांत पापुद्रे सुटतात. पान अखंड राहतं. पहिला मोठा पापुद्रा निघाला आणि आत जिकडंतिकडं पिवळे धम्मक बारीक कण. पानांच्या मधल्या फटींत दाट, देठांच्या भोवती जास्तच. बोटानं हलकं पुसलं की बोटाला पिवळी पूड लागायची. आमचे हे शेजारी पेपर वाचत बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, "बुरशी आलीय की याला! एवढ्या लांबून आणलं आणि सडकं निघालं. फेकून दे."

बुरशी होती हे खरंच. पण त्या बुरशीसाठीच तर लोक ही वीट घेतात. चिनी तिला सोन्याची फुलं म्हणतात, शास्त्रात युरोशियम क्रिस्टॅटम. डोळ्यांना जे पिवळे कण दिसतात ती त्या बुरशीची बीजाणू धरणारी फळं. त्यांच्या मानकात या बुरशीच्या ग्रॅमला किमान 2 लाख वसाहती (प्रयोगशाळेत वाढवून मोजलेल्या) निघायलाच हव्यात असा दंडक आहे. जास्त फुलं, तेवढी वीट भारी. मी आयुष्यभर पाण्याच्या नमुन्यात एकही जंतू निघू नये म्हणून धडपडले, आणि इथं कमी निघाले तर माल नापास! यांना हे समजावायला बराच वेळ गेला. पिवळी आणि कोरडी असेल तर चालेल, काळी, हिरवी, पांढरी कापसासारखी तंतूंची दिसली तर वीट टाकून द्यायची, एवढं मात्र लक्षात ठेवा. त्यात काटकसर नको.

वास फोडताना येतो तो पहिल्या पावसानंतर कडब्याच्या गंजीजवळून गेल्यावर येतो तसा. त्याच्या मागून किंचित धुराचा. हा धूर कुठून येतो ते भाच्यानं सांगितलं, कारण सुट्टीच्या दिवशी कंपनीतल्या एका सहकाऱ्याबरोबर तो आन्ह्वाला जाऊन आला आणि फोनमध्ये भरपूर शूटिंग करून आणलं. आम्ही टीव्हीला लावून बघितलं.

आपला चहा कारखान्यात चुरडतात, तुटलेल्या पानातला रस हवेनं लाल होतो आणि लगेच वाळवतात. त्यात जंतूंचा काही हात नसतो. आन्ह्वाच्या चहाचा रस्ता उलटा. पान बरंच वाढलेलं, जून, देठासकट खुडतात. आधी तापलेल्या कढईत परततात म्हणजे लाल होणं तिथंच थांबतं. मग मळतात आणि ओलं असतानाच ढीग लावून ओल्या फडक्यानं झाकून ठेवतात. ढीग आतून तापतो. हात घालून, वास घेऊन कधी मोडायचा ते ठरवतात: हिरवट वास गेला आणि दारूच्या चोथ्यासारखा आंबूस वास आला की ढीग झाला. घड्याळ लावून हे होत नाही. थंडीत वेळ जास्त, उन्हाळ्यात कमी. मग वाळवणं, तेही उन्हात नाही. सात भोकांची लांब भट्टी असते, खाली पाइनचं लाकूड जळतं, वर चाळणीवर पानांचे थर एकावर एक चढवत जातात. खालचा थर वाळत आला की वरचा. त्या लाकडाचा धूर पानात कायमचा मुरतो. व्हिडिओत भट्टीपाशी उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतायत हे दिसत होतं, आणि तो बिचारा हसून भाच्याला काहीतरी खायला देत होता.

वीट करायची पुढची पायरी वेगळी. वाळलेली पत्ती पुन्हा वाफवतात, पुन्हा थोडी रचून ठेवतात आणि साच्यात दाबतात. पण दाब बेताचाच. फार घट्ट दाबली तर आत हवा खेळत नाही आणि फुलं धरत नाहीत. देठ मुद्दाम ठेवतात तेही त्यासाठीच. देठांनी आत फटी राहतात. माझ्या विटेत फुलं देठांभोवती दाट का होती ते मला इथं कळलं. मग कागदात गुंडाळून विटा बंद खोलीत रचतात. साधारण 26 ते 28 अंश तापमान, हवेत 75 ते 85 टक्के दमटपणा. तिथं दोनएक आठवडे फुलं फुलतात. त्यानंतर हळूहळू उष्णता वाढवत वाळवायचं. एकदम वाढवली तर वीट बाहेरून कोरडी आणि आत ओली राहते, आणि मग नको ती बुरशी येते. सगळं मिळून वीसेक दिवसांचं काम. नांदेडच्या मे महिन्यात त्या खोलीत काय झालं असतं याचा विचार करून मला हसू आलं. आपल्याकडं त्या दिवसांत हवेत दमटपणा औषधालाही नसतो.

आता यातली मजेची गोष्ट. ही वीट शेकडो वर्षं आन्ह्वात होतच नव्हती. पान आन्ह्वाचं, पण ते पोत्यांत भरून उत्तरेला शान्शी प्रांतातल्या जिंगयांग गावी जायचं, तिथं दाबायचे, तिथं फुलं धरायची, आणि मग व्यापारी ती वायव्येकडं, कान्सू, छिंगहाय, शिनच्यांगकडं न्यायचे. मिंग घराण्याच्या काळात सरकार या चहावर घोडे मिळवायचं. भटक्या लोकांकडं घोडे, चिन्यांकडं चहा. मांसदुधावर जगणाऱ्यांना चहाशिवाय चालायचं नाही, त्यामुळे सौदा दोन्ही बाजूंना पक्का. जिंगयांगवाले ठासून सांगायचे की तिथलं पाणी नसेल, तिथली हवा नसेल आणि तिथला कारागीर नसेल तर ही वीट होणारच नाही. आमच्या विहिरीशिवाय वरणाला चव नाही म्हणणाऱ्या सासवा इथंही कमी नाहीत. शेवटी 1953 साली आन्ह्वातच फुलांची वीट करून दाखवली. जिंगयांगच्या कारागिरांचा हात खरा होता, पण पाण्याचा आणि हवेचा जो बडिवार होता तो बंद खोलीत तापमान आणि दमटपणा राखून निकालात निघाला. पाण्यावर पोट भरलेल्या बाईला ही गोष्ट आवडणारच.

2022 साली युनेस्कोनं चीनच्या पारंपरिक चहा बनवण्याच्या कौशल्यांना मानवी वारशाच्या यादीत घेतलं. एकूण 44 प्रकार आहेत त्यात, फू विटेचाही, आणि आन्ह्वाच्या हजार ल्यांगच्या चहाच्या ओंडक्याचाही (ल्यांग हे चीनचं वजनाचं जुनं माप). हा ओंडका भाच्याच्या शूटिंगमध्ये होता, आणि वीट बाजूला राहिली, आम्ही तोच परत परत लावून बघितला. वाफवलेला चहा बांबूच्या पट्ट्यांच्या लांबलचक टोपलीत भरतात, आतून रुंद पानांचं अस्तर. टोपली माणसापेक्षा लांब वाटत होती. मग पाचसहा गडी ती जमिनीवर लोळवतात, पायांनी दाबतात, लाकडी दांड्यानं आवळतात, आणि हे सगळं एका सुरात आरोळ्या देत. एकजण ओरडतो, बाकीचे उत्तर देतात, आणि उत्तराबरोबर एकदम जोर. तयार झाला की 36 किलोच्या आसपास भरतो. मग तो उघड्यावर 49 दिवस ठेवतात, दिवसा ऊन, रात्री दव. यांनी बघून शेरा मारला, "आपल्याकडं मोट हाणताना असंच गात होते." यांनी लहानपणी मोट बघितलेली आहे, मी नाही.

बरं, आता कपातली गोष्ट. मी करते ती पद्धत अशी: 5 ग्रॅम पत्ती, म्हणजे एक मध्यम पापुद्रा. आधी त्यावर उकळतं पाणी ओतून लगेच फेकून द्यायचं, धूळ निघून जाते आणि पापुद्रा सैल होतो. मग लिटरभर पाणी गंजात उकळायला ठेवायचं, उकळी फुटली की पत्ती टाकायची, आच बारीक करून पाचसात मिनिटं. झाकण ठेवू नका, धूर जरा उडून जाऊ दे. गाळा आणि तसाच प्या. रंग स्वच्छ तांबूस नारिंगी, कपाचा तळ दिसला पाहिजे. तोंडात तुरट अजिबात लागत नाही, जिभेला ओढ बसत नाही. पहिल्यांदा धूर, मग मऊ गोडसर, आणि घोट गेल्यावर घशात बराच वेळ काहीतरी गोड रेंगाळतं. तेलकट, तिखट जेवणानंतर तोंड साफ होतं. हुनानचे लोक मिरची खाण्यात आपल्याला हार जाणारे नाहीत, भाचा तिथून परत आला तेव्हा ठेच्याला घाबरेनासा झाला होता. अशा जेवणावर तिथं हा चहा का चालतो ते मला पहिल्याच आठवड्यात पटलं. तीच पत्ती दुसऱ्यांदा उकळता येते, चव थोडी हलकी पण गोडी जास्त.

कोवळ्या पानांपेक्षा जून पानांत कॅफीन कमी असतं, त्यामुळे संध्याकाळी घेतला तरी माझी झोप जात नाही. यांची जाते. पण यांची झोप क्रिकेटनंसुद्धा जाते.

आता पाणी. नांदेड शहरात नळाला विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं पाणी. ते गाळून केलेला चहा सगळ्यात चांगला झाला. आमच्या जुन्या घरी बोअर आहे, त्याचं पाणी जड. भांड्याला पांढरा थर धरतं, डाळ शिजायला वेळ लागतो. त्या पाण्यात हाच चहा काळपट उतरला, वर तेलकट दिसणारी साय धरली, आणि गोडी गायब. तो दोष चहाचा नाही. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं एकमेकांना धरतात आणि तो पापुद्रा वर येतो. जारच्या आरओ पाण्यात रंग सुंदर आला पण चव उथळ, धूर तेवढा पुढं. पर्याय नसेल तर जारचंच घ्या.

जड पाण्यानं फक्त चव बिघडते. फ्लोराइडची गोष्ट त्याहून गंभीर आहे, आणि विकणारा कुणीही ती तुम्हाला सांगणार नाही. चहाचं झाड जमिनीतून फ्लोराइड ओढून पानात साठवतं. पान जितकं जून, तितकं फ्लोराइड जास्त. वीट जून पानांची आणि देठांची. तिबेट, छिंगहाय, अंतर्गत मंगोलिया या भागांत पिढ्यान्‌पिढ्या विटेचा चहा दिवसभर उकळून पिणाऱ्या लोकांत दात पिवळे पडणं, हाडं आखडणं हा रोग आढळला आणि त्यावर तिथं पुष्कळ अभ्यास झाला. मग चीननं 2005 साली विटेच्या चहाला मर्यादा घातली: किलोला 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नको.

हिशोब सोपा आहे. 5 ग्रॅम पत्ती मर्यादेच्या काठावरची आहे आणि तिच्यातलं सगळं फ्लोराइड पाण्यात उतरलं असं धरा. 1.5 मिलिग्रॅम झालं, लिटरभर चहात. आपल्या मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरला 1 मिलिग्रॅम चालतं, दुसरं पाणीच मिळत नसेल तर 1.5 पर्यंत. म्हणजे शुद्ध पाण्यातला चहासुद्धा वरच्या काठाला टेकू शकतो. दिवसाला दोन कप, 300 मिली, घेतले तर पोटात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी जातं. नळाचं चांगलं पाणी पिणाऱ्या मोठ्या माणसाला त्याची काळजी करायचं कारण नाही. पण तुमच्या बोअरलाच लिटरला 2 मिलिग्रॅम असेल तर गंजात साडेतीन झालं. आणि उकळल्यानं फ्लोराइड जात नाही हे कृपा करून लक्षात घ्या. उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड तिथंच राहतं आणि पाणी आटेल तसं दाट होतं.

आपल्या भागात हा धोका पुस्तकातला नाही. किनवट तालुक्यातल्या काही गावांतले नमुने वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर यायचे. बीडकडंही असे पट्टे आहेत. शाळेतली पोरं हसताना ओठ मिटून हसायची, दातांवरचे तपकिरी पट्टे दिसू नयेत म्हणून. त्यांच्या आज्ज्यांना गुडघे सरळ करता यायचे नाहीत. अशा गावात कुणी पाहुण्यानं कौतुकानं ही वीट नेऊन दिली तर ते कौतुक महागात पडेल. लहान मुलं, बाळंतीण, किडनीचा त्रास असणारी माणसं यांनी तर नकोच.

मग तुमच्याच विटेत किती आहे ते तपासलं का, असं कुणी विचारेल. गावोगावी पाणी तपासायला नेतो त्या किटमध्ये लाल रंगाचं द्रावण असतं, फ्लोराइड असेल तसा त्याचा रंग उतरतो आणि तक्त्याशी जुळवून वाचायचं. चहाला मुळातच रंग, त्यामुळे त्या किटनं चहा तपासला तर वाचन भलतंच येणार. त्याला इलेक्ट्रोडचं यंत्र लागतं, नाहीतर आधी ऊर्ध्वपातन. घरच्या ओट्यावर हे होत नाही. तुमच्या बोअरचं पाणी मात्र त्याच किटनं गावातच तपासून मिळतं. ते आधी करा, वीट नंतर मागवा.

दुधाचं राहिलं. वायव्येकडचे कझाक, उइघुर आणि मंगोल लोक विटेचा चहा दूध आणि मीठ घालून पितात. मंगोलियात तर भाजलेलं भरडधान्य त्यात टाकून खातात. हे ऐकल्यावर मला राहवेना. पत्ती कमी पाण्यात दाट उकळून गाळली, त्यात म्हशीचं दूध, चिमूट मीठ, थोडं लोणी, आणि धान्य म्हणून नागपंचमीच्या उरलेल्या ज्वारीच्या लाह्या. शेजारच्या भाभींना बोलावलं. त्यांच्याकडचा दाट चहा गल्लीत नावाजलेला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "ताई, याला चहा कामून म्हणायचं? हे तर पेज हाय." मी म्हटलं, "मग पेज म्हणून घ्या." वाटी पुरी केली त्यांनी, आणि लाह्या अजून मागितल्या. थंडीत पहाटे शेतावर जाणाऱ्याला हे पोटभरीचं होईल. मला मात्र यात पत्तीची गोडी हरवते असं वाटलं, मी परत केलं नाही. साखरेचा केला तर आणखी वाईट. धूर आणि साखर एकत्र आले की खोकल्याच्या औषधाची आठवण होते.

विकत घेताना काय होऊ शकतं तेही सांगते. भाच्यानं आणलेली वीट आवडल्यावर तुलना करायला म्हणून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून छोटा तुकडा मागवला. वर्णनात फुलांचा फोटो भरगच्च, आणि खाली "पोटाची चरबी वितळवतो, शुगर उतरवतो" वगैरे. आला तो तुकडा फोडला तर फूल एकही नाही, कडेला करडी हिरवट लव, आणि दाबलेला इतका घट्ट की दाभण वाकलं. मानकाचा नंबर नाही, कधी केला ती तारीख नाही. परत घ्या म्हटलं तर खाण्याची वस्तू परत होत नाही असं उत्तर. तो टाकून दिला. चरबी वितळवण्याच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. उंदरांवर झालेल्या प्रयोगांच्या जोरावर माणसांच्या पोटाबद्दल बोलणारे विक्रेते फार आहेत. जेवणानंतर पोट हलकं वाटतं हा माझा अनुभव, पण माझं वजन जिथं होतं तिथंच आहे, शुगरची गोळीही चालू आहे.

साठवणीचं. प्लॅस्टिकच्या डब्यात घट्ट बंद करू नका, फ्रिजमध्ये तर नकोच. मसाल्याच्या कपाटात ठेवलीत तर महिन्याभरात येसरचा वास लागतो, देवघराजवळ ठेवलीत तर उदबत्तीचा. मी कोऱ्या मडक्यात कागदासकट ठेवली, तोंडाला सुती फडकं बांधून, अंधाऱ्या खोलीत. उन्हाळ्यात काही बघावं लागत नाही. भादव्यात दमटपणा वाढला की मात्र उघडून बघते, नवी लव आली नाही ना. नीट ठेवली तर ही वीट वर्षानुवर्षं टिकते आणि जुनी होईल तशी धुराचा उग्रपणा उतरतो, असं जाणकार सांगतात.

गुण द्यायचे तर चवीला पाचपैकी चार, जेवणानंतर घ्यायचा म्हणून. भावाला दोनच, कारण इथल्या ऑनलाइन दुकानांत हा चहा वजनाच्या हिशोबानं आपल्या पत्तीच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि माल खरा निघेल याची खात्री नाही. चीनला जाणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याकडून आणवणं केव्हाही बरं. सोयीला तीन: फोडा, धुवा, उकळा, गाळा, घाईच्या माणसाचं हे काम नाही.

भाचा परत चांगशाला जायलाय. परवा फोनवर विचारत होता, अजून एक आणू का. आम्ही दोघंच पिणारे, ही 2 किलोची संपायला अजून बराच काळ जाईल, म्हणून वीट नको म्हटलं. त्या हजार ल्यांगच्या ओंडक्याची कापलेली चकती मिळते तिथं, ती आण म्हणून सांगितलंय. आणि घेताना चकतीचा मधला भाग कोरडा आहे ना ते बोटानं दाबून बघ, दुकानदार काही म्हणाला तरी.